गवत हिरवं होईपर्यंत

१२ नोव्हेंबर १९७८

बर्फ! गुडघ्यापर्यंत! आणि हे म्हणे अजून काहीच नाही.

गाडीतून उतरले तेव्हा सासरे दारातच उभे होते. आइनार. त्यांनी आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मिनिआपोलिसच्या दुकानात मी चार वर्षं बूट विकले, बुटांच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही! "छान आहेत," ते म्हणाले. "तुला पुरताना हेच घालू." मग आत गेले आणि सासूबाईंचे रबरी बूट माझ्यापुढे आणून टाकले. सासूबाई गेल्यापासून ते खुंटीलाच होते. मला मोठे होतात. पुढे वर्तमानपत्र कोंबून घातले.

ठरलंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझं मलाच नाकारता येणार नाही. एक हिवाळा इथे राहायचं. गवत हिरवं झालं की मी सांगायचं — राहायचं की परत जायचं. राहिलो तर ही गाईंची रँच आमची. गेलो तर आइनार ती शेजारच्या हॅल्वर्सनला विकून टाकणार. आइनारची पाठ आता साथ देत नाही. लायल गाडीतच म्हणाला, "तू म्हणशील तसं. सगळं तुझ्यावर. नको वाटलं तर सरळ नाही म्हण, मी एक शब्द बोलणार नाही."

असा नवरा किती जणींना मिळतो!

१३ नोव्हेंबर

सगळं अंग ठणकतंय. पापण्यासुद्धा गोठतात हे कुणीच का सांगितलं नव्हतं?

१९ नोव्हेंबर

आज मी घोळ घातला.

इथे गाईंना नावं नसतात. कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा. घोड्यांना नाव, कुत्र्याला नाव, गाईला आकडा — बस. मला काय ठाऊक! कळपात एक पांढऱ्या तोंडाची कालवड आहे, पहिलारू, मार्चमध्ये विणार आहे. मान वर करून अशी बघते की जगात कुणालाच काही धड जमत नाही. हुबेहूब माझी बर्निस मावशी! मी ओरडले, "अगं बर्निस मावशी!" आणि ती खरंच वळली.

आइनारनी डोळे मिटून घेतले. "नाव ठेवलंस?"

"हो. का?"

"जिला नाव ठेवलं तिला विकता येत नाही, मिनिआपोलिस. आता ही बया म्हातारी होईस्तोवर माझं गवत खाणार."

मला ते मिनिआपोलिसच म्हणतात. नॅडीन हे नाव त्यांना उच्चारता येत नाही असं नाही. बहुतेक माझ्या बाबतीतही त्यांचा तोच नियम असावा.

आज रविवार. भांडी विसळताना लायलने विचारलं, "कंटाळलीस? खरं सांग." आता दर रविवारी विचारणार म्हणे. मी म्हटलं, अजिबात नाही! त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो वर गेला.

८ डिसेंबर

उणे पस्तीस. ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेलची खीर झाली! लायल तासभर खाली वाकून शिव्या घालत होता. आइनार गोठ्याच्या दारात कॉफी पीत मजा बघत होते. मग म्हणाले, "पीटला आणि डॉलीला किल्ली लागत नाही."

पीट आणि डॉली म्हणजे घोडे. हत्तीएवढे! आख्खा तालुका आइनारना हसतो, या जमान्यात घोडे कशाला पोसता म्हणून. आज कोण हसलं? आम्ही गवत घसरगाडीवर लादलं आणि घोडे निघाले. तोंडातून वाफा, गळ्यात घुंगरं, आणि मागे सगळा कळप हंबरत धावतोय! लायल वरून गवत ढकलत होता. आइनारनी लगाम माझ्या हातात दिला.

मी गाडी हाकली! मी! जिला बसमध्ये चक्कर येते ती!

परत आल्यावर म्हणाले, "काय मिनिआपोलिस, बोटं शिल्लक आहेत का?" मी मोजून दाखवली.

२५ डिसेंबर

चर्चच्या तळघरात सगळ्यांबरोबर जेवण. मी लाटलेले लेफ्से नेले होते. बटाट्याच्या या पोळ्या कागदासारख्या पातळ व्हाव्या लागतात, माझ्या जगाच्या नकाशासारख्या झाल्या. तरी संपल्या! हॅल्वर्सनबाईंनी विचारलं, "मग, वसंतात निघणार ना तुम्ही?" माझ्याआधी आइनारच म्हणाले, "आमची मिनिआपोलिस घोडे हाकते." एवढंच. पण 'आमची'!

लायलने स्वतःलाच नाताळची भेट घेतली, नव्या पेन्सिली. तिकडे तो पुलांचे आराखडे काढायचा. इथे रोज जेवण झालं की आमच्या खोलीत फळा मांडून काढत बसतो, कुठल्या तरी न बांधलेल्या पुलांचे. म्हटलं, चला, विरंगुळा आहे बिचाऱ्याला.

१४ जानेवारी

आज रडले. लपवून काय ठेवायचं, हे पान काही कुणाला सांगायला जात नाही.

नदीवर गाईंना पाणी पाजायला बर्फ फोडावा लागतो. कुऱ्हाड मारली की तेवढ्यात काठाचं पाणी पुन्हा गोठतं. वारा असा की तोंड सोलून निघतंय. तिथेच पाय घसरला आणि मी घोट्यापर्यंत आत. घरी येऊन चुलीपाशी बसले आणि ढसाढसा रडले. बोटांत सुया टोचत होत्या.

लायल धावत आला. गुडघ्यावर बसून माझे पाय चोळायला लागला. "बास झालं," म्हणाला. "नको ना हे? मी आत्ता सांगतो बाबांना. आत्ता सांगतो." डोळे असे चमकत होते त्याचे! माझ्यासाठी हा माणूस बापाशी भांडायला निघाला.

मी म्हटलं, "वेडा आहेस का? पाय दुखले म्हणून रडतेय. उद्या मोठी कुऱ्हाड दे."

तो पाय चोळत राहिला. मग वर जाऊन पेन्सिली घेऊन बसला. मला वाटतं त्याला माझं कौतुक वाटलं.

२ फेब्रुवारी

शिनूक! डोंगरावरून ऊन वारा आला आणि सकाळपासून दुपारपर्यंत अंगण उघडं पडलं. चिखल! खरा, काळा, ओला चिखल! मी त्यात नाचले. कुत्रा पण नाचला. आइनार म्हणाले, हुरळू नकोस, परवा पुन्हा गोठेल. गोठू दे.

६ मार्च

गाईंचं विणं सुरू झालंय. जेवणखाण गोठ्यातच.

बर्निस मावशी आज व्याली. वासरू मेलेलं. पूर्ण वाढलेलं, तोंड पांढरं, आईसारखंच. ती त्याला चाटत होती, नाकाने ढोसत होती — ऊठ, ऊठ. मला तिथे उभं राहवेना.

आइनारची पाठ सकाळीच धरली होती, ते पिकअपमध्ये बसून काचेतून बघत होते. काच खाली करून म्हणाले, "सत्तावीस नंबरला जुळं झालंय. तिला एकालाच पुरेल एवढं दूध आहे. दुसरं मावशीला लावा. लायल, कातडं काढ."

इथली रीत अशी: मेलेल्या वासराचं कातडं काढायचं, त्याला पायांसाठी भोकं पाडायची आणि ते पोरक्या वासराच्या पाठीवर सदऱ्यासारखं बांधायचं. गाय वास घेते. आपलंच आहे म्हणते, आणि पान्हावते.

लायलने सुरी काढली. वाकला. तसाच राहिला. रंग पार उडाला होता. "वारा फार आहे," म्हणाला आणि हात धुवायला गेला. हाताला काहीच लागलेलं नव्हतं तरी बराच वेळ धूत होता.

मग मीच काढलं. आइनार काचेतून सांगत होते, "पोटाकडून... हळू... सुरी चपटी धर." काढलं!

आणि मग मी माती खाल्ली.

जुळ्यातलं ते वासरू गारठलं होतं म्हणून ते घरात आणून न्हाणीच्या टबात ऊन पाण्यात ठेवलं होतं. किती घाण झालं होतं बिचारं! मी त्याला साबण लावला. माझा चांगला साबण, लॅव्हेंडरचा. डोकं, कान, सगळं. पुसून कोरडं केलं, वर कातड्याचा सदरा बांधला आणि मोठ्या थाटात मावशीसमोर उभं केलं.

मावशीने पाठ हुंगली, हं. मग डोकं हुंगलं. आणि अशी लाथ हाणली की वासरू कोलमडून गवतात!

पिकअपमधून आइनार इतके हसले की पाठीला हात लावून ओरडले. "अगं, तिला लेकरू हवंय, अत्तराचं दुकान नको!"

"मग आता?"

"आता काय! तिचा जार पडलाय ना तिथे? घे आणि चोळ."

चोळला. वासरामागून पडलेला तो चिकट गोळा, हातमोजे काढून, उघड्या हातांनी, त्याच्या डोक्याला, कानांना, नाकाला. माझ्या केसांत, कोपरापर्यंत सगळीकडे तेच. पुन्हा पुढे केलं. मावशीने हुंगलं. खूप वेळ हुंगलं. मी श्वास धरून उभी. आणि तिने घशातून तो आवाज काढला, अगदी खालचा, वासरासाठीच काढतात तो! आणि चाटायला लागली. वासरू धडपडत कासेला गेलं. शेपटी हलायला लागली!

मी ओरडले. पिकअपचा हॉर्न वाजला. लायल दारात उभा होता, हात पुशीत. मी त्याच अवस्थेत जाऊन त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "तुला हे खरंच आवडतं." विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

खरंच आवडतं!

९ मार्च

आइनारनी आज सदरा सोडवला. मावशीला फरक पडला नाही. वासरू आता तिचंच.

२१ एप्रिल

हिरवं! दक्षिणेच्या उतारावर, नुसती झाक, तिरपं बघावं लागतं. पण हिरवं! मी गुडघ्यावर बसून हात लावून पाहिलं.

गोठ्यात आइनार लोखंडाला तेल लावत होते, वासरांना डाग द्यायचा शिक्का. दोन शिक्के होते. एक त्यांचा. दुसरा जुना, लहान. "तिचा होता," म्हणाले. म्हणजे सासूबाईंचा. "मावशीच्या वासराला हाच दे. तुझा असू दे." मग पुन्हा तेल लावायला लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्थात, राहणार असशील तर, नॅडीन."

नॅडीन!

माझं ठरलंय. कधीचंच ठरलंय. उद्या न्याहारीला लायलला सांगणार. आज सांगितलं तर झोप येणार नाही, त्यालाही आणि मलाही! पॅनकेक करीन. किती आनंद होईल त्याला! सारा हिवाळा त्याने माझ्यावर जराही जोर केला नाही. बापाची जमीन, आजोबांची जमीन, तरी एकदाही म्हणाला नाही, राहा म्हणून.

२२ एप्रिल

सांगितलं.

लायल बशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू नाही म्हणशील म्हणून तर तुला इथे आणलं, नॅडीन. बाबांना नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही."

आइनार दारात होते. एक बूट पायात, एक हातात. त्यांनी तो पुन्हा चढवला. "घोडे जुंपतो," म्हणाले आणि गेले.

दर रविवारी तो मला विचारत होता. मी एकदाही म्हटलं नाही — आणि तुला काय हवंय रे?