पाय आहे की वरवंटा

अण्णा, माझ्या पायात काही खोट नव्हती. हे तुम्हाला समोर बसवून सांगायचं होतं, पण तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मला ते कळलं या पावसात. आता तुम्ही मधेच तोडून "तुला काय कळतंय" म्हणू शकत नाही, तेव्हा सगळं सांगूनच उठणार आहे.

तुमची ती पांढरी व्हॅन अजून आहे. आंब्याच्या मोसमात तुम्ही तिच्यातून पेट्या न्यायचात, आणि मोसम आटोपून पाऊस लागला की ती माझ्या वाट्याला यायची, लांज्याच्या शाळेत शिकवायला जायला. माझ्या हातात आली की ती मिसिंग मारायला लागायची. चालता चालता ठोका चुकायची, धक्के खायची, हातखंब्याचा चढ तर कण्हत कुथत चढायची, आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली यायचा. एकदा तुम्ही शेजारी बसून आलात. चढावर म्हणालात, "काय गो, पाय आहे की वरवंटा? चटणी वाटतेस काय?" मी म्हटलं, "गाडी ओढत नाही अण्णा, म्हणून ॲक्सिलरेटर दाबावा लागतो." तुम्ही समोर रस्त्याकडे बघत म्हणालात, "मी चालवतो तेव्हा बरी ओढते." झालं. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तुमच्यापुढे कधी कुणाचं काही चाललंय?

घरी येतो तर आई स्वयंपाकघरात आठळ्या सोलत बसलेली. तुम्ही ओले पाय तसेच घेऊन आत आलात, किल्ली खुंटीला अडकवलीत आणि मला नाही, आईला सांगितलंत, "उद्यापासून ही एसटीने जाईल." दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नवी छत्री आणलीत. मोठ्या प्रेमाने आणलीत, ते मी नाकारत नाही. पण मला छत्री नको होती. मला बागेचं काम हवं होतं. गिऱ्हाइकांच्या दारात पेट्या मी स्वतः पोचवीन, मोसम मी सांभाळीन, असं मी तुम्हाला किती हौसेने सांगितलं होतं, आणि तुम्ही चार पाहुण्यांसमोर हसत म्हणालात, "पेटीचा नफा वाटेतच हिच्या पायाखाली जाईल." सगळे हसले. बाग दादाकडे गेली. पुढे कुठल्याही लग्नाकार्यात मी गाडीजवळ जरी उभी राहिले तरी कुणीतरी वरवंट्याची आठवण काढायचंच. अण्णा, तुमच्या एका वाक्यावर माझा निकाल लागला, आणि तो निकाल मीसुद्धा खरा मानला. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

यंदा दादा म्हणाला, आता माझी कंबर धरते, आणि ही व्हॅन पावसाळाभर नुसती उभी असते, भंगारात देऊन टाकू. मी म्हटलं, पावसाळाभर माझ्याकडे राहू दे, मग बघू. आणली. आठवडा गेला नाही तो तीच रड, तेच धक्के, तोच चढ. दादा फोनवर हसून म्हणतो, "बघ, अण्णा खोटं नव्हते सांगत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच ठरवलं, ही गाडी माझ्या पायाच्या नावावर भंगारात जाऊ द्यायची नाही.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून साफ केला, टाकीत पाणी गेलंय का तेही पाहिलं. ऊन पडलं की गाडी शहाणी व्हायची आणि सर आली की पुन्हा येरे माझ्या मागल्या. आणि एका सकाळी शाळेच्या फाटकातून आत शिरताना मला तुमचा फळा आठवला. तुम्ही विज्ञान शिकवायचात, आठवीला मी तुमच्याच वर्गात होते. एका वेळी एकच गोष्ट बदला, तरच कारण सापडेल, असं आमच्याकडून घोकून घ्यायचात. अहो अण्णा, मग घरी काय झालं होतं? तुम्ही चालवायचात उन्हाळ्यात आणि मी चालवायचे पावसात. माणूस बदललं, हवाही बदलली, आणि दोष कुणाचा, तर मुलीचा. हवेची तुम्हाला शंकासुद्धा येऊ नये? वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर तुम्ही त्याला अंगठे धरून उभं केलं असतंत.

ओल कशाला बाधते, तर करंटला. म्हणून भर पावसात, दुपारीच शेडमध्ये अंधारून आलेलं असताना, मी व्हॅनची पुढची, चालवणाऱ्याच्या शेजारची सीट उचलून ठेवली. इंजिन त्या सीटखालीच, तुम्हाला माहीत आहे. आईला चालवायच्या जागी बसवलं. तिने जन्मात पहिल्यांदा तिथे पाय ठेवला. मी म्हटलं, "आई, दाब." ती दाबते, इंजिन घरघरतं, ठोका चुकतो, आणि मी वाकून बघते तर प्लगना करंट वाटणाऱ्या त्या काळ्या टोपीवरून एक निळी ठिणगी बाहेरच्या बाहेर सरसरत खाली पळते आहे. प्लगकडे जायचा करंट बाहेरूनच पळाला की आतलं पेट्रोल न जळताच धुरांड्यातून जाणार. गाडी ओढणार कशी आणि ॲव्हरेज देणार कशी? आणि ती ठिणगी कशावरून पळत होती सांगू? तुमच्या कुंकवावरून.

दर दसऱ्याला सगळी दुनिया गाडीच्या नाकावर हळदकुंकू लावते. तुम्ही मात्र सीट उचलायचात. पूजा यंत्राची करायची, पत्र्याची नाही, हे तुमचं तत्त्व. ओघळून जाऊ नये म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवायचं, त्या टोपीवर बोट ओढायचं, आणि "देवाचं आहे, कुणी पुसायचं नाही." तुमच्यानंतर दादानेही तेच केलं. थरावर थर, त्यावर बागेतली तांबडी धूळ आणि समुद्राची खारी हवा. सुकं असेतो काही नाही, ओल धरली की करंटला आयती वाट. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, देवाचा ता, मी कसा हात लावणार? आजूबाजूचा सगळा पुसलंय." म्हणजे दरवर्षी सगळं पुसलं गेलं, तेवढं एक सोडून.

मी कापड हातात घेऊन तशीच उभी. आई वरून म्हणाली, "पूस ते." मी म्हटलं, "अगो, अण्णा म्हणायचे..." "तुझे अण्णा पुष्कळ काय काय म्हणायचे. देव कशाला तिथे तेलातुपात जाऊन बसेल? पूस." पुसलं. खाली टोपीवर जळकी काळी रेघ उमटलेली होती. नवी टोपी बसवली आणि त्याच पावसात हातखंबा गाठला. एकही धक्का नाही, अण्णा. एकही नाही.

दादाला सांगितलं तर म्हणतो, "बरं झालं," आणि जेवलीस का विचारायला लागला. बरं झालं. एवढ्या वर्षांचं एवढंच. मी सांगून टाकलं, भंगारबिंगार काही नाही, पुढच्या मोसमात पेट्या मी नेणार. तो हो म्हणाला, सुटलो म्हणूनच बहुतेक. दसऱ्याला मी पूजा केली, कुंकू नंबरप्लेटवर लावलं. सीट उचलली नाही.

हे कागद घडी करून व्हॅनच्या कप्प्यात ठेवते आहे, तुमच्या चष्म्याची रिकामी डबी अजून तिथेच आहे. एकच गोष्ट दादालाही सांगितलेली नाही. आता इंजिन ठणठणीत आहे, रस्ता मोकळा असतो, शेजारची सीट रिकामी असते, आणि तरी हातखंब्याचा चढ लागला की माझा पाय आपसूक वर येतो. गाडी मागत असते, अण्णा, आणि मी देत नाही.