तुपाच्या डब्यावरची मूलद्रव्यं

आबा, काल शाळेत एका परदेशी मासिकात तुमचा डबा पाहिला. तुमचा म्हणजे अगदी तसाच. मूलद्रव्यांची लांब पट्टी गोल जिन्यासारखी खाली उतरत गेलेली आणि मधेच एका बाजूला तिचा कानासारखा फुगवटा. हेडमास्तर म्हणाले, "काय डोकं असतं बघा या लोकांचं, बाई." मीही 'हो ना' म्हणाले. मग प्रयोगशाळेत जाऊन चूळ भरली, तरी तोंडाची कडू चव जाईना. रसायनशास्त्र शिकवते मी, पण स्वतःची शिसारी कशाने धुवायची ते कुठल्याच पुस्तकात नाही.

तुम्ही चिंचवडच्या कारखान्यात क्रोमचा मुलामा चढवायच्या टाक्यांवर होतात. शिक्षण चौथी. पहिल्या पाळीहून आलात की चहा घेता घेता माझं नववीचं पुस्तक ओढायचात. तुमच्या बोटांना क्रोमने भोकं पडलेली, नखं पिवळी, नाकात कायमची खपली. त्या हातांची मला किळस यायची. तुम्ही पुस्तक परत दिलंत की मी ते फडक्याने पुसायचे, तुमच्यादेखत. तुम्ही बघायचात आणि बशीतला चहा संपवायचात.

एक दिवस आवर्त सारणीच्या पानावर तुमचं बोट अडलं. "ह्यो धा नंबरचा निऑन ह्या कडंला, आन अकरावा सोडियम पार पल्याड. आकडं तर लागून हाईत. कागद संपला म्हून नातं संपतं व्हय?" मी म्हणाले, तसंच असतं, पाठ करायचं. तुम्ही कसले ऐकताय. आईचा वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतलात, माझ्या वहीची पानं कापून पट्टी केलीत आणि खळीने गुंडाळत गेलात, आठ घरांचा एक वेढा. हायड्रोजन, हेलियम झाकणावर. लिथियमखाली सोडियम आला, सोडियमखाली पोटॅशियम. पण कॅल्शियमनंतर दहाजण जास्तीचे निघाले आणि खालची सगळी घरं सरकली. दोन दिवस तुम्ही पट्टी काढत-लावत राहिलात. मग तेवढी पट्टी डब्यापासून सुटी काढून सायकलच्या तारेवर बाहेर वाकवलीत आणि परत डब्याला आणून चिकटवलीत. पुढची घरं बिनबोभाट जागेवर बसली. त्या दहांत क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त. "आमचं समदं खातं ह्या कानात बसतंय," म्हणून हसलात. आई म्हणाली, "रव्याचा डबा गेला की माझा."

खंडेनवमीला कारखान्यात घरच्यांना आत सोडायचे. ज्याने त्याने आपलं हत्यार पूजेत मांडलं होतं, पान्हे, चिमटे, हातोड्या. तुम्ही डबा मांडलात. हळदकुंकू लावलंत, झेंडू वाहिलात. लॅबोरेटरीचे साहेब पेढे वाटत आले आणि डब्यापाशी थांबले. "काय हो, आज तूप वाटणार का?" सगळे हसले. तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहेब, मूलद्रव्याचा तक्ता हाय. पोरगी नववीत पयली येती. तिला इचारा." साहेब माझ्याकडे वळले, "काय गं, बरोबर आहे का हे?" त्यांच्या सदऱ्याला इस्त्री होती, अत्तराचा वास येत होता. तुमच्या नखांत हळद की क्रोम ते कळत नव्हतं. तुमच्याकडे न बघता मी म्हणाले, "चूक आहे. पुस्तकात असं नाही."

साहेबांनी मला दोन पेढे दिले. "हुशार आहे हो. बापाला शिकव जरा." ते दोन्ही मी तिथेच खाल्ले. तुम्ही पूजेतला डबा उचललात आणि कुंकू सदऱ्याच्या बाहीने पुसलंत. घरी येईपर्यंत सायकलवर एवढंच म्हणालात, "नीट धरून बस." घरी पट्टी भिजवून खरवडलीत आणि डबा घासून आईला दिलात. त्यानंतर माझ्या पुस्तकाला कधी हात लावला नाहीत. तीन वर्षांनी गेलात.

त्या साहेबांची घाण वाटणं मी इतकी वर्षं जपलं. सोयीचं होतं ते. लग्नानंतर यांना एकदा पूजेतला प्रसंग सांगितला तर म्हणाले, चौदा वर्षांची पोर, तुला काय कळत होतं. मी मान हलवली. आणि गेल्याच महिन्यात वर्गात एका मुलीने निऑन-सोडियमचं तुमचंच विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, "पुस्तकात आहे तसं काढ." मेलं हे तोंड.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार. पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्ही वाचावं एवढा धीर मला नाही. खंडेनवमीच्या सकाळी तुम्ही हौदावर आंघोळीला गेला होतात, तेव्हा मी पुस्तक घेऊन डब्यावरचं एकेक घर ताडून पाहिलं होतं. सगळं बरोबर होतं, आबा.