पथ्य चालू आहे

चि. सुगंधा,

मी भरताची वांगी आणायला मेहरूणला जातो आहे.

काल डॉक्टर मला बाहेर ओट्यावर म्हणाले, "आता औषध फक्त दुखणं कमी करण्यापुरतं. त्यांना हवं ते खाऊ द्या." हे आईसमोर बोलायचं नाही. मी भरीत घेऊन तिच्याजवळ बसलो की तिला ऐकू जाईल असं मला झापायचं : "नाना, आईला तिखट बंद आहे ना?" मग माझी बाजू घ्यायची म्हणून तरी ती दोन घास खाईल. चाळीस वर्षांच्या संसारात ती प्रथमच माझी बाजू घेईल.

काल तूही ते ऐकलंस आणि आईला लोणचं मुकाट्याने वाढलंस. तू आत गेल्यावर तिने विचारलं, "अहो, पोरगी आज रागावली का नाही?"

तेव्हा आज नीट रागाव.

— नाना