कूलरची हवा

१५ एप्रिल, अकोला
पोचले एकदाची! वऱ्हाडातलं ऊन माणसाला उभं भाजतं, असं आईनं पुण्याहून निघताना बजावलं होतं. भाजू दे. कमलाकांत सरांसारख्या नामांकित वकिलाकडे ज्युनिअर म्हणून जागा मिळणं ही काय चेष्टा आहे? खाली त्यांचं ऑफिस आणि घर, वर माझी खोली, शिवाय गच्ची. चारुशीलाकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, आल्या आल्या थंडगार पन्हं दिलं. त्यांचा आवाज पार बसलेला होता. कूलरच्या हवेनं बसतो म्हणाल्या, इथं उन्हाळ्यात सगळ्यांचाच बसतो. कूलर कसला, पत्र्याचं कपाटच ते! सर दुपारी जेवून तो फुल करून झोपतात, मग घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही.

१८ एप्रिल
सरांचं नाव आहे ते समेटासाठी. नवरा-बायकोचं भांडण कोर्टात कुजवायचं नाही, ऑफिसातच मिटवायचं. मिटलं की दोघांनी एकमेकांना पेढा भरवायचा, ही इथली रीत. डबा कपाटात तयारच असतो. मला तर ही रीत फार आवडली. पुण्यात कोण एवढं करतं?

२२ एप्रिल
आज माझी पहिली पक्षकार. प्रणाली, बाळापूरकडची, पंचविशीतली. नवरा कुलदीप छळतो, संरक्षणाचा अर्ज करायचाय. मी अगदी शिस्तीत विचारलं: वळ? जखम? फोटो? दवाखान्याचा कागद? काहीच नाही. प्रसंगांची सरमिसळ, तारखा मागेपुढे, आणि डोळ्यांत टिपूस नाही. आवाज घोगरा. कूलरची हवा बाधली वाटतं, असं मी म्हटलं. आठवड्यात वऱ्हाडी झाले की मी! ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "त्याचे वळ नाई राहत, मॅडम." मी टिपणात लिहिलं, इजा नाही. सर म्हणाले केस लंगडी आहे, समेटाला लाव.

२९ एप्रिल
समेट झाला. कुलदीप सभ्य वाटला, वाकून नमस्कार वगैरे. प्रणालीनं मला बाजूला घेतलं. "मले तिकडं नका धाडू. जित्ती नाई राहणार मी." सरांना सांगितलं, तर ते म्हणाले सगळ्याच असं म्हणतात. पेढा काही तिच्याच्यानं गिळवेना. तोंडात धरून बसली, मग ठसका लागला, डोळे लाल झाले. लाजली, असं मीच म्हणाले. सगळे हसलो.

६ मे
प्रणाली अमरावतीला दवाखान्यात आहे. कुलदीपनं गळा आवळला. वाचली, पण आवाज गेला. बघायला गेले तर डॉक्टरबाईंनी मला फैलावर घेतलं. गळा आवळला तर बाहेर वळ उठेलच असं नाही. आवाज बसतो, घास उतरत नाही, डोळ्यांत रक्त साकळतं, आठवणींचा गोंधळ होतो. तुम्ही वकील मात्र वळ शोधत बसता, म्हणाल्या. एकदा गळ्याला हात घालणाऱ्यानं पुढे जीव घेण्याची भीती कितीतरी जास्त असते, हे कुणी शिकवलं नाही का?
नाही शिकवलं. कलमं तेवढी पाठ आहेत. माझी मलाच किळस आली. प्रणालीनं तोंड फिरवलं. तिची आई म्हणाली, "अजून खाऊन घ्या पेढे."

८ मे
मी पोलिसांत जबाब देणार, असं सरांना सांगितलं. एवढं मनाला लावून घेऊ नये म्हणाले, आणि आग्रहानं खाली जेवायला बसवलं. काकू पोळीला हात लावत नव्हत्या. नुसतं वरणाचं पाणी पीत होत्या. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका.
मी बघतेय हे काकूंनी पाहिलं. सरांनीही पाहिलं.

९ मे
सर बाहेर गेल्यावर काकूंना विचारलं. कूलरची हवा, एवढंच म्हणाल्या. पदर गळ्याभोवती सारखा केला. मग म्हणाल्या, जायचं कुणाकडे? इथले निम्मे वकील यांच्याच हाताखाली शिकलेत.
म्हणजे दुपारी कूलर फुल होतो तो—
मी अमरावतीला त्या डॉक्टरबाईंकडे नेते म्हटलं. उद्या. सर झोपले की काकू वर येणार.

१० मे, दुपार
पिशवी भरली. पुण्याच्या वकील मैत्रिणीला फोन केला. पहिलं काय विचारलं तिनं? वळ आहेत का.
रस्त्यावर चिटपाखरू नाही. काकू अजून आल्या नाहीत.

कूलर सुरू झाला.

फुल केला.

खाली जाऊन आले. दार आतून बंद. ठोठावलं, ओरडले— माझंच मला ऐकू येईना. शेजाऱ्यांचेही कूलर— पोलीस येतो म्हणालेत. तोवर लिहून ठेवतेय. वळ राहत नाहीत, म्हणून—

कूलर थांबला.

जिन्यावर कुणीतरी— काकू असतील. हाक का मारत नाहीत? त्यांना आवाज तरी—

सर आहेत. दार उघड म्हणताहेत. काकूंशी समेट झाला, तुझंही तोंड गोड—

कडी हल