एकदम मजे में

प्रिय ममता,

पत्र बघून घाबरू नकोस, हातपाय शाबूत आहेत. साइटवर रेंज नाही असं माझ्या खोलीत राहणाऱ्या नागेशने तुला सांगितलं, ते खोटं होतं.

मी शारजातल्या एका इस्पितळात आहे, मनाच्या आजाराच्या वॉर्डात. फोन आत आणू देत नाहीत. दाराला कुलूप असतं. लिहिताना दोनदा उठून बघून आलो, आहेच. पेनसुद्धा मोजून देतात. आईचा गुडघा कसा आहे? विहिरीचा पंप दुरुस्त झाला का?

रोज सकाळी आमचा वर्ग भरतो. अकरा जण गोल बसतो. पहिल्या दिवशी मल्याळी सिस्टरने विचारलं, "कैसे हो?" अकराही जण म्हणालो, "एकदम मजे में!" ती हसली नाही. म्हणाली, "ये घर के फोन का जवाब है. यहाँ सच बोलो."

आज तिने गृहपाठ दिलाय. आजार परत येताना कसा ओळखायचा, ते घरच्या एका माणसाला कळवायचं. आणि मी पंपाचं विचारत बसलोय!

तर ऐक. दिवाळीत मी दिवसातून सहा-सहा फोन करायचो, भरभर बोलायचो, हसत सुटायचो, नवं घर बांधू, होडी घेऊ म्हणायचो. तू म्हणालीस, "किती दिवसांनी खुशीत आहात!" ममता, तेव्हा मी चार रात्री झोपलो नव्हतो. पाचव्या दिवशी क्रेनवर चढलो. तिथून उतरवून इथे आणलं.

पुन्हा तसा हसायला लागलो, तर माझ्याबरोबर हसू नकोस. लगेच नागेशला फोन कर.

आईला यातलं काही सांगू नकोस. विचारलं तर सांग, मजेत आहे.

तुझाच,
रामेश्वर