काजातून आलेलं झाड

प्रिय टकळे,

आत्याकडे जाऊन तुला बरेच दिवस झाले. फोन केला की मी एकटाच बोलतो आणि पलीकडून तुझा श्वास ऐकतो, म्हणून म्हटलं, आज कागदावर बोलू. लहानपणी तुझं तोंड थांबायचंच नाही म्हणून ठेवलेलं हे नाव आता तुला बोचत असेल, ठाऊक आहे मला. पण घशाच्या ऑपरेशनने आवाज गेला म्हणून बापाने लेकीचं नाव बदलायचं की काय? कुजबुजण्यापुरताच आवाज उरलाय, त्यावर तिसरीचा वर्ग कसा सांभाळू, असं राजीनाम्यात मोठ्या बाईंना कळवून तू मोकळी झालीस. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. तोवर तुझा हस्तकलेचा आणि प्रयोगांचा तास माझ्या गळ्यात. चार बुकं शिकलेला शिंपी विज्ञान शिकवतोय. हस बाई, पोटभर हस, हसायला आवाज लागत नाही.

तू ठरवून ठेवलेला प्रयोग पोरांनीच मला समजावला. वर्गात पुरता अंधार करायचा, खिडकीत एकच भोक ठेवायचं, की बाहेरचं अंगण आत भिंतीवर उतरतं, तेही उलटं. मला वाटलं, म्हाताऱ्याची चेष्टा चाललीय. तरी कोटाच्या अस्तराचं काळं कापड काढलं, दुपदरी शिवलं आणि खिडक्यांना ताणून ठोकलं. सुईने भोक पाडलं तर आत नुसता काळोख. मग कात्रीने बटणाएवढं केलं, पण कच्ची कड तशीच सोडायला हात धजेना, म्हणून बसलो त्याला गोल काज करत. पोरं ताटकळलेली. ताई असत्या तर एव्हाना दोनदा झालं असतं, आजोबा शर्ट शिवताहेत की प्रयोग करताहेत, असा टोमणा त्या तुझ्या फौजदारणीने मारलाच. तीच ती, आख्ख्या वर्गाला रांगेत उभं करणारी.

काज पुरं झालं, दार लावलं. डोळे अंधाराला सरावले तसं समोरच्या भिंतीवर हळूहळू काही उमटायला लागलं. खाली फरशीलगत निळं आभाळ. वरून लोंबणारं अंगणातलं झाड, त्याची पानं हलताहेत आणि सळसळ मात्र नाही. रंग कसे, तर खूपदा धुतलेल्या रेशमासारखे. छताजवळून एक सायकल गेली, चाकं वर करून. मोठ्या बाई अंगण ओलांडत होत्या, तर कोणी तरी घाबरून म्हणालं, बाई पडतील हो! आणि सगळा अंधार खुदखुदला. अगं, जन्मभर मी काजातून बटणंच ओवली. त्यातून झाड येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कितीतरी वेळ मी तसाच बसून होतो, झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी.

मग भिंतीवर पांढरी पातळ चादर लावली आणि जे जसं दिसेल तसं पोरांनी पेन्सिलीने गिरवलं. रोज थोडं थोडं. रंग बाहेर उजेडात भरले. पुरं होत आलं तेव्हा चादर फिरवून सुलटी टांगली, तर सतत शंका काढणारा तुझा शंकासुर ओरडला, नळ चुकीच्या बाजूला आहे! खरंच की. झाड इकडचं तिकडे, नळ तिकडचा इकडे. फौजदारीण म्हणाली, तूच चुकीचं गिरवलंस. तो म्हणाला, तू मधे उभी होतीस. जुंपली दोघांची. मी चादर उन्हात दोरीवर टाकली आणि चिमटे लावायला मागे गेलो, तर मागून सगळं बिनचूक! उजेड कापडातून येत होता आणि झाड आपल्या जागी, नळ आपल्या जागी. पोरांना हाका मारल्या. आता चादर खिडकीत लावायची आणि उलट्या बाजूनेच बघायची, असं ठरलंय.

एक सांगायचं राहिलं. त्या अंधारात कोणीही गप्प बसा म्हटलं नाही, तरी सगळी कुजबुजतात. फौजदारीणसुद्धा. मीच एकदा मोठ्याने बोललो, तर माझा आवाज तेल न दिलेल्या मशीनसारखा वाटला आणि चहूकडून मला शू झालं. शेवटच्या बाकावरचं कुजबुजणं पहिल्या बाकावर ऐकू येतं तिथे.

चादरीवर फाटकाजवळ एक जागा कोरी आहे. मी ब्रश नेला तर पोरांनी हात धरला. ताई रोज तिथूनच येतात, म्हणाली, त्या आल्याशिवाय गिरवायचं कसं? शंकासुराला भलतीच काळजी, ताईंचे पाय आभाळात जातील, त्यांना चालेल का? मी म्हटलं, विचारून सांगतो. तर तेच विचारायला हे पत्र. स्वच्छ ऊन असेल त्या दिवशी ये. वर्गात यायलाच हवं असं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. फाटकातून आत यायचं आणि पोरांची पेन्सिल फिरेपर्यंत जरा थांबायचं, बस्स. मग वाटलं तर परत फिर. वाटलं तर दार ढकल. आत अंधार असेल, तेवढं जपून ये.

काज उघडं ठेवून बसलेला, तुझाच

बाबा