सलाउद्दीनशेठच्या घरावरचा वाऱ्याचा मनोरा

९ मार्च १९३६
अखेर माझ्या योग्यतेचे काम आले. लाकडाचे व्यापारी सलाउद्दीनशेठ यांना एक थंड खोली हवी आहे. त्यांच्या बायकोचे, जुलेखाबींचे, मे महिन्यात दिवस भरतील. गेल्या उन्हाळ्यात एक मूल गेले. उष्म्याने गेले, असे शेठच्या आई माजिदाबी म्हणतात.
माझा प्लॅन असा: छपरावर पोकळ मनोरा, त्याला एका बाजूने तोंड. वारा तोंडातून शिरणार आणि खोलीत उतरणार. वीज नको, बर्फ नको. ओव्हरसियरची परीक्षा न दिल्याचा फायदा हा, की डोके मोकळे राहते.

१० मार्च, पहाटे
गोदावरीच्या घाटावर ओले उपरणे धरून उभा राहिलो. वारा पूर्वेचा. मनोऱ्याचे तोंड पूर्वेला. वाऱ्याचा अभ्यास पूर्ण.
दुपारीही एकदा पाहा, असे आमच्या सौभाग्यवती अंबूबाईंचे मत. दुपारी मी झोपतो.

२८ मार्च
पुंजा गवंडी भावाच्या लग्नाला गेला. काम बंद. उगाच नदीपलीकडे जाऊन अर्धवट भिंत पाहून आलो. जेवून पुन्हा गेलो. भिंत तेवढीच. निश्चय: उद्यापासून शांत बसायचे.

२९ मार्च
जमले नाही.

१७ एप्रिल
मनोरा उभा. सकाळी शेठनी खाली हात धरला आणि गार आहे म्हणाले. घरी ही हकीकत सांगितली. जेवताना पुन्हा सांगितली.

१८ एप्रिल
दुपारी वारा फिरून पश्चिमेचा झाला. मनोरा हवा खाली सोडायच्या ऐवजी वर ओढू लागला, आणि शेजारच्या स्वयंपाकघरातला सगळा धूर त्या खोलीतून निघाला. जुलेखाबींना दोघींनी धरून ओसरीवर आणले. खोकला थांबेना. मी बाहेर उभा.
माजिदाबी एवढेच म्हणाल्या, "रंगनाथभाऊ, ही खोली कोणासाठी बांधली तुम्ही?"
व्हेंटिलेशन सिद्ध झाल्याचे मी सांगितले. कोणी ऐकले नाही.

१९ एप्रिल
थिअरी बरोबर आहे. स्वयंपाकघर चुकीच्या जागी आहे.

२ मे
तोंड पश्चिमेला करून घेतले. आता धूर नाही. भाजणारा वारा, धुरळा आणि लिंबाचा पाला थेट पलंगावर. वाळ्याचे ओले पडदे लावले, तर धुरळ्याचा चिखल झाला. शेठ जुलेखाबींना त्यांच्या मावशीकडे इगतपुरीला पोचवून आले.
जेवण गेले नाही. भीती वाटते का, असे अंबूबाईंनी विचारले. धुरळ्याचा विचार करतो आहे, म्हटले. फेऱ्या मारू नका, म्हणाल्या. मी फेऱ्या मारत नव्हतो, घर मोजत होतो.

२१ मे
इगतपुरीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. अंबूबाईंनी हातावर साखर ठेवली. थंड हवेची जागा निवडणे हे माझ्याच शास्त्रात बसते, हे त्यांना समजावले.

६ जून
उकाडा अजून आहेच. शेठकडची मंडळी परतली. मनोऱ्याचे तोंड शेठनी परस्पर पुन्हा पूर्वेला करून घेतले आणि त्या खोलीत चूल नेली. आता वारा दिवसभर पश्चिमेचा, धूर फार सुरेख जातो म्हणे. पंचवटीतला एक हलवाई तिथेच भेटला. त्याला भट्टीसाठी असेच धुराडे हवे. मी गारव्याचा माणूस आहे, असे बाणेदारपणे सांगितले. बरं, राहिलं, म्हणून तो निघाला. त्याच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन काम घेतले.

८ जून, दुपारी
बाळ पाहायला गेलो. ओसरीवर पाळणा. भिंतींची जाडी आणि गारवा यांवर माजिदाबींना समजावू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि ताडाच्या पानाचा पंखा माझ्या हातात दिला.
"बसलाच आहात, तर जरा वारा घाला. मी भाकरी टाकून येते."
घातला. बाळ झोपले. हात थांबला की कुरकुरते, म्हणून मग उठता आले नाही.